खुपऱ्या, सुरमा आणि बगदादचे कह्हाल

माझ्या नानीकडे पितळेची एक सुरमेदानी होती. जुम्याच्या दिवशी अंघोळी झाल्या की ती आम्हा नातवंडांना ओळीने बसवायची आणि एकच सलाई सगळ्यांच्या डोळ्यांतून फिरवायची. एकाचे झाले की सलाई परत सुरमेदानीत आणि तिथून पुढच्याच्या डोळ्यात. कुणाचे डोळे आलेले असले तर त्याला दोनदा. सुरमा लावणे सुन्नत आहे, त्याने नजर तेज होते, एवढेच आम्हाला ठाऊक होते.

नानीचे स्वतःचे डोळे मात्र कायम लाल आणि पाणावलेले असत. तिच्या पापणीचे केस आत वळले होते आणि ते बुबुळाला टोचत. शेजारची खाला दर पंधरा दिवसांनी उन्हात बसवून छोट्या चिमट्याने ते उपटून द्यायची. शेवटच्या काही वर्षांत नानी आम्हाला आवाजावरून ओळखू लागली. घरातले म्हणत, वय झाले, जन्म चुलीच्या धुरात गेला. मराठवाड्यातल्या आमच्या गावात असे डोळे असलेल्या म्हाताऱ्या बायका इतक्या होत्या की त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

बऱ्याच वर्षांनी अली इब्न ईसा या बगदादच्या नेत्रवैद्याचा अकराव्या शतकातला ग्रंथ अनुवादातून वाचत होतो. पापणीच्या रोगांच्या प्रकरणात आत दाणे येऊन खरखरीत झालेली पापणी, डोळ्यावर पसरणाऱ्या रक्तवाहिन्या आणि आत वळलेले केस, या सगळ्याचे वर्णन आले आणि मला नानी आठवली. तिला नेमके काय झाले होते हे आता कुणी सांगू शकणार नाही, कारण तिची पापणी उलटून कधी कुणी पाहिलीच नाही. पण वर्णन जुळत होते. मराठीत या रोगाला खुपरी किंवा खुपऱ्या म्हणतात, हिंदी-उर्दूत रोहे आणि डॉक्टरी भाषेत ट्रॅकोमा.

मुसलमानांच्या वैज्ञानिक वारशावर आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, यांनी जगाला काही दिलेच नाही. दुसरे म्हणते, सगळे काही आमच्याच पूर्वजांनी शोधले आणि युरोपने ते चोरले. खुपऱ्यांचा इतिहास वाचला की दोन्ही मते टिकत नाहीत. म्हणून तो जरा सविस्तर सांगावा असे वाटले.

रोग काय आहे

खुपरी हा क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस नावाच्या जिवाणूमुळे होणारा, वर्षानुवर्षे चालणारा डोळ्यांचा दाह आहे. तो बहुधा लहानपणी जडतो. मुलाच्या डोळ्यातला आणि नाकातला स्राव दुसऱ्याच्या बोटाला, ओढणीला, टॉवेलला, उशीला लागतो. माश्या तो एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर नेतात. एकदा संसर्ग झाला तर डोळे लाल होऊन, चिपडे येऊन बरेही होतात. पण एकाच घरात तोच जंतू पुन्हा पुन्हा डोळ्यात जात राहिला तर वरच्या पापणीच्या आतल्या ओलसर पडद्यावर दाणे येतात आणि तो पडदा जाड व खरखरीत होतो. दाणे जिरतात तिथे व्रण राहतात. व्रण आवळत जातात, त्यासरशी पापणीची कड आत ओढली जाते आणि केस बुबुळावर घासू लागतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला पारपटल म्हणतात, तो या घासण्याने गढूळ होतो. तिशी-चाळिशीनंतर अंधत्व येते. बायकांमध्ये याचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असते, कारण आजारी मुलांना कडेवर घेणाऱ्या, त्यांचे नाक-डोळे पुसणाऱ्या त्याच असतात.

हा रोग ओळखण्याची रीत एकच आहे. रुग्णाला खाली पाहायला सांगायचे, वरच्या पापणीचे केस धरायचे आणि पापणी बाहेरून उलटी करायची. रोग आतल्या बाजूला असतो. नुसता वरून डोळा पाहिला तर तो साधे डोळे आल्यासारखाच दिसतो.

बगदादच्या आधी

हा रोग फार जुना आहे. इजिप्तमधल्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसमध्ये आत वळलेले पापणीचे केस उपटून त्या जागी लेप लावण्याची कृती आहे. ग्रीक वैद्य पापणीची आतली बाजू खरवडत. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या दृष्टीविषयक ग्रंथात चातीवर गुंडाळलेल्या लोकरीने पापणी घासण्याची रीत दिली आहे. पुढच्या ग्रीक वैद्यांनी अंजिराचे खरखरीत पान वापरले. ट्रॅकोमा या ग्रीक शब्दाचा अर्थच खरखरीतपणा असा आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापणीचे एकवीस रोग सांगितले आहेत. त्यांपैकी पोथकी या रोगात पापणीत लाल मोहरीसारखे दाणे येतात, खाज सुटते, पाणी गळते, जडपणा वाटतो. अनेक अभ्यासक पोथकी म्हणजे खुपरीच मानतात. त्यावर सुश्रुताने लेखन, म्हणजे खरवडणे, हाच उपाय सांगितला आहे. आत वळणाऱ्या केसांसाठी पक्ष्मकोप हे वेगळे नाव आणि वेगळी शस्त्रक्रिया आहे.

आठव्या शतकाच्या अखेरीस हे भारतीय ज्ञान बगदादला पोहोचले. इब्न अल-नदीम आपल्या अल-फिहरिस्त या ग्रंथसूचीत नोंदवतो की, अब्बासी दरबाराचा वजीर याह्या इब्न खालिद बरमकी याच्या सांगण्यावरून मनका नावाच्या हिंदी वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत समजावून दिला. नंतर अली इब्न रब्बन अल-तबरी याने 850च्या सुमारास फिरदौस अल-हिकमा हा ग्रंथ लिहिला, तेव्हा शेवटी भारतीय वैद्यकावर स्वतंत्र भाग जोडला आणि त्यात चरक-सुश्रुतांची नावे घेतली. बगदादच्या वैद्यांपुढे एका बाजूला गालेन होता आणि दुसऱ्या बाजूला सुश्रुत, हे लक्षात ठेवले पाहिजे.

कह्हाल आणि त्यांचे ग्रंथ

अरबीत नेत्रवैद्याला कह्हाल म्हणत. कुहल म्हणजे डोळ्यात घालायचे अंजन, त्यावरून हा शब्द आला. अंजन घालणारा इतकाच त्याचा मूळ अर्थ, पण नवव्या शतकापासून कह्हाल हा स्वतंत्र विद्या असलेला तज्ज्ञ झाला.

या विद्येचा पाया घालणाऱ्यांत दोन नावे महत्त्वाची आहेत, आणि दोघेही मुसलमान नव्हते. युहन्ना इब्न मासवैह आणि त्याचा शिष्य हुनैन इब्न इसहाक (809–873) हे नेस्टोरियन ख्रिस्ती. दोघांनाही खलिफांचा आश्रय होता आणि दोघांनीही अरबीत लिहिले. इब्न मासवैहने डोळ्याच्या रोगांवर जे पुस्तक लिहिले त्यात सबल या रोगाचे वर्णन येते. सबल म्हणजे बुबुळावर उतरणारे रक्तवाहिन्यांचे जाळे. खुपऱ्या जुन्या झाल्या की बऱ्याचदा हे जाळे वरून खाली पडद्यासारखे येते. आजचे डॉक्टर त्याला पॅनस म्हणतात.

हुनैनने नेत्ररोगांवर दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. प्रस्तावनेत तो सांगतो की ही प्रकरणे तीस वर्षांहून अधिक काळ सुटी सुटी लिहिली गेली आणि भाचा हुबैश याच्या आग्रहावरून ती एकत्र केली. पापणीच्या खरखरीत रोगाला त्याने जरब म्हटले. जरबचा मूळ अर्थ खरूज. ग्रीक परंपरेला धरून त्याने जरबचे चार प्रकार केले.

याच परंपरेतला सर्वाधिक वाचला गेलेला ग्रंथ म्हणजे अली इब्न ईसाचा तज़किरत अल-कह्हालीन, म्हणजे नेत्रवैद्यांसाठीची टिपणवही. त्यात तीन भाग आहेत. पहिल्यात डोळ्याची रचना, दुसऱ्यात दिसून येणारे रोग, तिसऱ्यात न दिसणारे रोग. एकूण 130 रोगांचे निदान आणि उपचार दिले आहेत. जरबचे चार प्रकार तो पायरीपायरीने सांगतो. पहिल्यात पापणी आतून लाल आणि बारीक दाणेदार होते. दुसऱ्यात खरखर वाढते, दुखते, जड वाटते. तिसऱ्यात पापणी पिकलेले अंजीर फोडल्यावर आतून जशी दिसते तशी दाण्यांची आणि भेगांची होते. चौथ्यात ती जाड व कठीण होते आणि रोग इतका मुरतो की लवकर हटत नाही. या चौथ्या प्रकारात पापणीचे केस बिघडतात, हेही त्याने नोंदवले आहे.

उपचारही पायरीने आहेत. सुरुवातीच्या रोगावर तांब्याच्या क्षारांच्या वड्या पाण्यात उगाळून पापणीला लावायच्या. आधी लाल शियाफ, ते पुरेसे पडले नाही तर जंगार घातलेले तिखट हिरवे शियाफ. तांब्याचा हा उपाय फार टिकला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दवाखान्यांतून उलटलेल्या पापणीला मोरचुदाची कांडी फिरवली जाई. ज्यांनी ती सोसली त्यांना ती आग जन्मभर लक्षात राहिली असणार.

रोग पुढे गेलेला असेल तर पापणी उलटून साखरेने, समुद्रफेसाने, अंजिराच्या पानाने किंवा हत्याराने खरवडायची. सबलसाठीची शस्त्रक्रिया तर फारच नाजूक होती. बारीक आकड्यांनी डोळ्यावरचे रक्तवाहिन्यांचे जाळे चहूबाजूंनी उचलून धरायचे आणि कात्रीने कडेकडेने कापून काढायचे. नंतर रुग्णाला डोळा सारखा हलवत राहायला सांगायचे, म्हणजे पापणी डोळ्याला चिकटत नाही. आत वळलेल्या केसांसाठी ते उपटणे, मुळाला डाग देणे, सुई-धाग्याने केस बाहेर ओढून घेणे किंवा पापणीच्या कातडीची पट्टी कापून कड वर उचलणे, असे अनेक मार्ग होते. तेराव्या शतकात अलेप्पोच्या खलीफा इब्न अबी अल-महासिनने आपल्या पुस्तकात नेत्रशस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रेच दिली. त्यात जरब खरवडण्याची आणि सबल उचलण्याची हत्यारे आहेत.

अली इब्न ईसाचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि 1497मध्ये व्हेनिसला छापला गेला.

मुहतसिबची परीक्षा

या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग ग्रंथांबाहेरचा आहे. बाराव्या शतकात सीरियात अल-शैज़री याने मुहतसिबसाठी एक मार्गदर्शक लिहिला. मुहतसिब म्हणजे बाजारातली वजनमापे, भेसळ आणि धंदे यांवर देखरेख करणारा अधिकारी. अल-शैज़री त्याला सांगतो की, कह्हालांची परीक्षा हुनैनच्या दहा प्रकरणांवरून घ्यावी. डोळ्याचे थर किती, द्रव किती, रोग कोणते, औषधे कशी बनतात हे ज्याला येईल त्यालाच लोकांच्या डोळ्यांना हात लावू द्यावा. त्याच्याजवळ सबलचे आकडे, जरब खरवडण्याचे हत्यार, बाकीची शस्त्रे असली पाहिजेत. रस्त्यावर बसून डोळ्यांवर चाकू आणि अंजन चालवणारे बहुतेक भोंदू असतात, त्यांना दीनाची भीती नसते, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये, असेही तो बजावतो. ते औषधांच्या वड्यांत स्टार्च आणि डिंक मिसळून विकतात, याचीही त्याला माहिती होती.

एका ख्रिस्ती वैद्याचे पुस्तक मुसलमान शहरात नेत्रवैद्याच्या परीक्षेचे पाठ्यपुस्तक होते, आणि परीक्षा घेणारा मुहतसिब शरीअतचा अधिकारी होता. त्या समाजात ज्ञानाला धर्माचा दाखला मागितला जात नव्हता. 1284मध्ये कैरोत सुलतान कलावूनने बांधलेल्या मोठ्या इस्पितळात डोळ्यांच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग होता, आणि तिथे गरिबांवर फुकट उपचार होत.

जे राहून गेले

आता दुसरी बाजू. या वैद्यांनी रोग अचूक ओळखला, त्याच्या पायऱ्या लावल्या, हात सफाईने चालवला. पण रोगाचे कारण ते शरीरातल्या दोषांच्या असंतुलनात, डोक्याकडून डोळ्यात उतरणाऱ्या दूषित द्रवात शोधत राहिले. ही चौकट त्यांना गालेनकडून मिळाली होती. संसर्गाची कल्पना त्यांना अजिबात नव्हती असेही नाही. अल-तबरीने फिरदौस अल-हिकमामध्ये एकाचे दुसऱ्याला लागणारे रोग मोजताना कुष्ठ, खरूज, देवी, गोवर यांच्या जोडीला रमद, म्हणजे डोळे येणे, हेही धरले आहे. परंतु या निरीक्षणातून घराघरातला टॉवेल, उशी आणि सलाई वेगळी करण्यापर्यंत कुणी गेले नाही. वैद्यक रुग्णाच्या पापणीपाशी थांबले. रुग्णाच्या घरातले पाणी, माश्या आणि मुलांचे चेहरे त्याच्या कक्षेत आले नाहीत.

खरवडण्यालाही मर्यादा होती. त्याने दाणे जात, पण जंतू घरात असेपर्यंत संसर्ग पुन्हा होई, आणि जोरात खरवडले तर नवे व्रण पडत. हजार वर्षे उत्तम वैद्य असूनही इजिप्त, इराक, सीरिया हे खुपऱ्यांचे प्रदेशच राहिले.

इजिप्तचा रोग

1798मध्ये नेपोलियनचे सैन्य इजिप्तमध्ये उतरले, त्यामागोमाग 1801मध्ये इंग्रज आले. दोन्ही फौजांतले हजारो सैनिक डोळ्यांनी आजारी पडले. ते परत गेल्यावर युरोपच्या बराकींमध्ये साथ पसरली. तिला नाव मिळाले इजिप्शियन ऑफ्थॅल्मिया. त्या साथीत खुपऱ्यांबरोबर डोळ्यांचे इतर जंतुसंसर्गही मिसळलेले होते, आणि खुपरी युरोपात त्याआधीही होती. पण रोगाला परक्या देशाचे नाव दिले की आपल्या बराकींतली दाटी आणि घाण पाहावी लागत नाही. अलीकडच्या महामारीत अशी नावे कशी चिकटवली जातात हे आपणही पाहिले आहे. तरी या साथीतून चांगलेही निघाले. इंग्रज लष्करी डॉक्टर जॉन व्हेच याने हा रोग डोळ्यातल्या स्रावातून पसरतो हे ठासून मांडले, आणि 1805मध्ये लंडनमध्ये डोळ्यांसाठीचे जे इस्पितळ सुरू झाले तेच पुढे मूरफील्ड्स म्हणून प्रसिद्ध झाले.

अमेरिकेने 1897मध्ये खुपरीला धोकादायक संसर्गजन्य रोगांच्या यादीत घातले. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येकाची पापणी उलटून पाहिली जाऊ लागली, आणि त्यासाठी बुटांची बटणे लावण्याचा आकडाही वापरला जाई. ज्याच्या पापणीत दाणे दिसले त्याला परतीच्या जहाजात बसवत. त्यात पूर्व युरोपातले ज्यू होते, इटालियन होते, सीरिया-लेबनॉनचे अरब होते. बगदादचा कह्हाल उपचारासाठी पापणी उलटत असे. इथे तीच कृती माणसाला दारातून परत पाठवण्यासाठी होऊ लागली.

स्वतः इजिप्तमध्ये काय चालले होते? 1889मध्ये तिथल्या एका खेड्यात ताहा हुसैन जन्मले. लहानपणी त्यांचे डोळे आले. घरच्यांनी काही दिवस दुर्लक्ष केले, मग गावच्या न्हाव्याला बोलावले, आणि त्याच्या उपचाराने त्यांची दृष्टी कायमची गेली. हे त्यांनी अल-अय्याम या आत्मचरित्रात लिहिले आहे. ज्या देशात अकराव्या शतकाच्या आरंभी अम्मार अल-मौसिलीने खलिफा अल-हाकिमसाठी नेत्रशस्त्रक्रियेचा ग्रंथ लिहिला, त्याच देशात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका मुलाचे डोळे न्हाव्याच्या हाती जातात. अल-शैज़रीने ज्यांच्यापासून सावध राहा म्हटले होते तेच लोक उरले होते. कह्हालांची परीक्षा घेणारी व्यवस्था, इस्पितळ, वक्फ यांच्याकडे दुर्लक्ष झाले की ग्रंथालयातली हस्तलिखिते कुणाचेही डोळे वाचवत नाहीत. ताहा हुसैन अंध असूनही अरबीतले मोठे लेखक झाले आणि 1950मध्ये इजिप्तचे शिक्षणमंत्री झाले. शिक्षण हवा-पाण्यासारखे सर्वांना फुकट मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

1903मध्ये सर अर्नेस्ट कॅसल यांच्या 40,000 पौंडांच्या देणगीतून इजिप्तमध्ये तंबूंची फिरती नेत्ररुग्णालये सुरू झाली. त्यांचे प्रमुख मॅकलन यांनी खुपरीच्या चार अवस्था ठरवल्या. त्या हुनैनच्या चार प्रकारांहून वेगळ्या आहेत, पण पापणी उलटून रोगाची पायरी ठरवण्याची पद्धत तीच. याच काळात कैरोत माक्स मायरहोफ हा जर्मन ज्यू नेत्रवैद्य काम करत होता. दिवसा तो खुपऱ्यांचे रुग्ण तपासायचा आणि उरलेल्या वेळात अरबी हस्तलिखिते वाचायचा. हुनैनच्या दहा प्रकरणांची संपादित आवृत्ती इंग्रजी अनुवादासह त्यानेच 1928मध्ये कैरोत छापली. आज आपण हुनैन वाचू शकतो ते त्याच्यामुळे.

मुंबईचाही या कहाणीत एक धागा आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजात नेत्रवैद्यक शिकवणारे लष्करी डॉक्टर हर्बर्ट यांनी बुबुळाच्या कडेला खुपऱ्यांमुळे राहणारे बारीक खळगे वर्णन केले. जुनी खुपरी ओळखण्याची ती खूण आजही हर्बर्टचे खळगे याच नावाने शिकवली जाते.

जंतू, औषध आणि पाणी

1907मध्ये जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक यांना खुपरीच्या रुग्णांच्या पेशींमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट कण दिसले. तो जंतू प्रयोगशाळेत वाढवायला आणखी पन्नास वर्षे लागली. ते काम बीजिंगमध्ये थांग फेइफान यांनी केले आणि 1957मध्ये प्रसिद्ध केले. हाच रोगाचा जंतू आहे हे पटवण्यासाठी त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला. दरम्यान 1930च्या दशकाच्या अखेरीस सल्फा औषधे आली होती, नंतर टेट्रासायक्लिनचे मलम आले. ते सहा आठवडे रोज दोनदा लावावे लागे. पुढे अझिथ्रोमायसिनचा तोंडाने घ्यायचा एकच डोस पुरेसा ठरला.

पण केवळ औषधाने खुपरी जात नाही, हे आता जागतिक आरोग्य संघटनाही मान्य करते. तिच्या कार्यक्रमाची चार अंगे आहेत. वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, प्रतिजैविक, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसर, म्हणजे पाणी व संडास. शेवटची दोन अंगे म्हणजे कह्हालांच्या काळात राहून गेलेली गोष्ट.

भारताने 1963मध्ये राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. 2014 ते 2017च्या सर्वेक्षणात सक्रिय खुपरीचे प्रमाण 0.7 टक्के इतके खाली आलेले दिसले. 8 ऑक्टोबर 2024 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपरी संपल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात पाकिस्तानचेही नाव जाहीर झाले. ओमान 2012मध्ये, मोरोक्को 2016मध्ये आणि इराण 2018मध्ये तिथे पोहोचले होते. आज सर्वाधिक रुग्ण इथिओपियात आहेत.

या विषयावर बोलताना कुणीतरी म्हणतेच की, आपण दिवसातून पाच वेळा वुजू करतो, आपल्याला कसली खुपरी? चेहरा धुण्याची सवय चांगलीच आहे, आणि आधुनिक कार्यक्रम नेमके तेच सांगतो. पण ज्या देशांत ही शिकवण चौदाशे वर्षे होती तिथेही हा रोग पिढ्यानपिढ्या राहिला, याचे उत्तर द्यावे लागेल. उत्तर साधे आहे. रोग प्रामुख्याने अगदी लहान मुलांत फिरतो, ज्यांच्यावर नमाज फर्ज नाही. आणि पाणी दोन कोसांवरून डोक्यावर आणावे लागत असेल तर पहिला हक्क पिण्याचा आणि रांधण्याचा, लेकरांच्या चेहऱ्याचा नंबर शेवटी लागतो. पाणी नसेल तर नमाजासाठी तयम्मुमची सवलत आहे, पण तयम्मुमने मुलाच्या डोळ्यातली चिपडे निघत नाहीत. मराठवाड्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आपल्या घरात

रोग आटोक्यात आला म्हणजे डोळे जपण्याची गरज संपली असे नाही. मुलाचे डोळे वारंवार लाल होत असतील, सकाळी चिकटत असतील, खुपत असतील, उजेड सहन होत नसेल, तर मेडिकलमधून थेंब आणून भागवू नये. तशी लक्षणे ॲलर्जीतही दिसतात, आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. स्टिरॉइडचे थेंब मनाने घातले तर काचबिंदूचा धोका असतो. डॉक्टरने पापणी उलटून पाहिली का, हे विचारायला संकोच करू नये. घरातल्या वृद्धांचे केस आत वळलेले असतील तर चिमट्याने उपटणे हा तात्पुरता उपाय आहे, कारण केस पुन्हा येतात, ताठ येतात आणि टोचतात. त्यावर पापणीची कड बाहेर वळवणारी छोटी शस्त्रक्रिया आहे. ती पापणीपुरती भूल देऊन होते. बुबुळ पांढरे पडण्याआधी ती झाली तर नजर वाचते.

सुरमा लावायचा असेल तर प्रत्येकाची सलाई वेगळी ठेवावी, डोळे आलेले असताना लावू नये, आणि तान्ह्या बाळांना अजिबात लावू नये. बाजारातल्या अनेक सुरम्यांत शिसे सापडले आहे आणि ते मुलांच्या मेंदूला घातक असते. डोळे आलेल्याचा टॉवेल, रुमाल आणि उशीही वेगळी हवी.

नानीची सुरमेदानी आता माझ्याकडे आहे. ती मी कपाटात ठेवली आहे, वापरत नाही. मुले विचारतात तेव्हा नानीच्या प्रेमाची आणि तिच्या डोळ्यांची, दोन्ही गोष्टी मी त्यांना सांगतो. अली इब्न ईसाचीही सांगतो. त्याच्याकडे आजची औषधे नव्हती. नानीच्या काळात टेट्रासायक्लिनचे मलम निघालेले होते, शस्त्रक्रियाही होती. तरीही तिच्यापर्यंत काही पोहोचले नाही.